मूळ दूर, प्रत जवळ

माहिती दुरून आणावयाची आणि एकदा आणलेली माहिती पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवावयाची, या दोन गोष्टींचा इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे. विषय संगणकाचा आहे. परंतु तेवढ्यावरून हा विषय आपला नव्हे असे ज्यांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा, कारण संगणकाच्या पुष्कळ आधीपासून ही अडचण आपल्या दप्तरांतून, ग्रंथालयांतून आणि आगगाडीच्या स्टेशनांतून वावरत आलेली आहे.

खिशातील फोनवर आपण गाडीतील रिकाम्या जागा पाहतो, बँकेतील शिल्लक पाहतो, सातबाराचा उतारा पाहतो. पडद्यावर उमटलेला आकडा या क्षणी मुळातून आणलेला आहे, की मघाशी आणून ठेवलेली त्याची प्रत आहे, हे पडदा बहुधा सांगत नाही. दोन्ही सारखीच दिसतात. प्रत ताजी असेल तर वेळ वाचतो, पैसा वाचतो. प्रत शिळी असेल तर माणूस त्या आकड्यावर विसंबून घरातून निघतो आणि फसतो. म्हणून हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे.

गायकवाडी मुलखातील पेट्या

सुरत जिल्ह्यातील पलसाणा हे आज कापड रंगविणाऱ्या व छापणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखले जाणारे तालुक्याचे गाव आहे. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत हा मुलूख गायकवाडी होता आणि संस्थानच्या नवसारी प्रांतात पलसाण्याचा समावेश होत असे. राजधानी बडोदे येथून सुमारे दीडशे किलोमीटरवर. मध्ये इंग्रजी अंमलाखालील भडोच आणि सुरत जिल्ह्यांचा प्रदेश. तेव्हा राजधानीत असलेली कोणतीही गोष्ट येथपर्यंत आणणे हे सोपे काम नव्हते.

सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोगादाखल आणि १९०६ नंतर सर्व संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. त्याबरोबरच एक नवीन चिंता उभी राहिली. मुले शाळेत अक्षरे शिकतील. पण गावात वाचावयास काहीच नसेल तर शिकलेली अक्षरे टिकणार कशी? पुस्तके बडोद्यास होती. खेडूत वाचनासाठी बडोद्यास जाणे शक्य नव्हते, आणि प्रत्येक गावी प्रत्येक पुस्तक विकत घेऊन ठेवणे संस्थानासही परवडणारे नव्हते.

महाराजांनी अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलाविले. बॉर्डन १९१३ पर्यंत येथे राहिले आणि त्यांच्यामागून जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ते काम पुढे चालविले. त्यांनी बसविलेली घडी अशी होती : राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली प्रांतांची व नगरांची ग्रंथालये, त्याखाली गावांची लहान ग्रंथालये, आणि जेथे तेही नाही तेथे फिरती ग्रंथालये, म्हणजे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या. पेटी गावात काही काळ राहावयाची, लोकांनी पुस्तके वाचावयाची, मग ती परत जाऊन दुसरी यावयाची.

या पेटीकडे जरा बारकाईने पाहा. पेटी पाठविणाऱ्यास तीन गोष्टी ठरवाव्या लागत. पेटीत काय घालावयाचे? ती एका गावी किती दिवस ठेवावयाची? आणि ती केव्हा परत बोलावून बदलावयाची? पुढे संगणकाच्या जगात ज्या प्रश्नांवर ग्रंथ लिहिले गेले ते मुळात हे तीनच आहेत. बडोद्याच्या ग्रंथपालांना एक गोष्ट मात्र अनुकूल होती : पुस्तक लवकर शिळे होत नाही. पेटीतील गोष्टीचे पुस्तक सहा महिने उशिरा पोचले म्हणून कोणाचे घर बुडत नाही.

बारडोलीचा आकडा

आकड्यांचे तसे नाही. पलसाण्यास लागूनच बारडोलीचा तालुका आहे. तो तेव्हा इंग्रजी अंमलात होता. तेथील जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी १९२० नंतरच्या काळात निघाली. डेप्युटी कलेक्टर जयकर यांनी तालुक्याचा अहवाल तयार केला आणि सारा सुमारे तीस टक्क्यांनी वाढवावा असे सुचविले. त्या अहवालास खंडाने दिलेल्या जमिनींचे तक्ते जोडलेले होते. वरिष्ठ अधिकारी अँडरसन यांनी त्या तक्त्यांवर भिस्त ठेवून एकोणतीस टक्क्यांची शिफारस केली; सरकारने बावीस टक्के वाढ कायम केली. फेब्रुवारी १९२८ मध्ये वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली तेथे साराबंदीचा सत्याग्रह सुरू झाला, हे सर्वांस ठाऊक आहे.

सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी समिती नेमली गेली. ती गावोगाव हिंडली. ज्या तक्त्यांवर सारी इमारत उभी होती ते प्रत्यक्ष गावी जाऊन नीट तपासलेच गेले नव्हते, असे तिला आढळून आले. १९२९ साली समितीने वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आणली.

येथे जे घडले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. माहिती गावातून निघाली असे मानले गेले. ती तालुक्याच्या अहवालात उतरली, तेथून वरिष्ठांच्या अभिप्रायात, तेथून सरकारी ठरावात. प्रत्येक पायरीवर आकडा अधिक अधिकारवाणीने बोलू लागला आणि प्रत्येक पायरीवर मुळास पुन्हा विचारण्याची गरज कोणास वाटली नाही. प्रतीची प्रत निघत गेली. मूळ मात्र शेतातच राहिले. तो आकडा मुळाशी ताडून पाहिला जावा म्हणून हजारो शेतकऱ्यांना आपल्या जमिनी व गुरेढोरे जप्तीच्या धोक्यात घालावी लागली.

यंत्रातील कोठार

आता संगणकाकडे वळू. संगणकात गणित करणारा भाग अतिशय वेगवान असतो आणि माहिती साठविणारा मोठा भाग त्या मानाने मंद असतो. १९६५ साली केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी एका लहानशा लेखात असे सुचविले की, गणित करणाऱ्या भागाच्या अगदी शेजारी एक छोटी पण जलद स्मृती ठेवावी आणि मोठ्या स्मृतीतून आणलेली माहिती तीत आपोआप राहू द्यावी. १९६८ मध्ये आयबीएम कंपनीच्या ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या यंत्रात अशी रचना आली आणि त्या सुमारास तिला ‘कॅश’ हे नाव मिळाले. या शब्दाचा रोख रकमेशी संबंध नाही. लपवून ठेवणे या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून तो आलेला आहे. नाव मोठे समर्पक आहे, कारण हा साठा वापरणाऱ्याच्या दृष्टीआड असतो. त्याचे गुण त्यातच आहेत आणि दोषही.

एका यंत्राच्या पोटात हे अंतर काही बोटांचे होते. जगभर पसरलेल्या जाळ्यात ते हजारो किलोमीटरांचे झाले. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंत जाऊन परत येण्यास, मार्ग अगदी सरळ धरला तरी, सेकंदाचा आठवा भाग लागतो. हे निसर्गाचे बंधन आहे. ते कोणत्याही कारागिराला तोडता येत नाही. एका पानासाठी अशा दहा खेपा एकीमागून एक झाल्या की सेकंदाहून अधिक वेळ केवळ वाटेत जातो.

यावर उपाय तोच, प्रत जवळ ठेवणे. १९९६ व १९९७ साली वेबच्या देवघेवीचे जे नियम प्रसिद्ध झाले त्यांत यासाठी सुंदर तरतुदी आहेत. मूळ संगणक, ज्यास सर्व्हर म्हणतात, तो उत्तराबरोबरच सांगू शकतो की ही प्रत अमुक काळ वापरण्यास हरकत नाही. तो प्रतीवर एक खूणचिठ्ठीही चिकटवू शकतो. मुदत संपल्यावर ब्राउझर सारे पान पुन्हा मागत नाही. तो केवळ विचारतो, ‘माझ्याजवळ या खुणेची प्रत आहे, ती बदलली आहे काय?’ बदल नसेल तर ‘नाही’ एवढेच उत्तर येते आणि जुनी प्रत पुन्हा ग्राह्य ठरते. बारडोलीच्या तक्त्यांना असा एक प्रश्न वेळीच विचारला गेला असता तर!

पानाचे तुकडे झाले

तोपर्यंत पान हे अखंड होते. पुस्तकाचे पान उलटावे तसे एक जावयाचे आणि दुसरे यावयाचे. १९९९ च्या सुमारास ब्राउझरमध्ये अशी सोय आली की, पान जागच्या जागी राहून त्याचा एखादा भागच नवी माहिती मागवू शकेल. जीमेल आणि गूगलचे नकाशे यांनी २००४-०५ मध्ये या सोयीची शक्ती लोकांस दाखविली. २०१३ साली फेसबुकने ‘रिॲक्ट’ नावाचे साधन सर्वांस खुले केले. त्याने पान हे अनेक स्वतंत्र घटकांचे बनविण्याची रीत रूढ केली. एक घटक म्हणजे नावाची पट्टी, दुसरा यादी, तिसरा यादीतील एकेक ओळ. गवंड्याने विटा रचाव्या तसे हे घटक रचावयाचे.

ही रीत फार सोयीची ठरली. पण तिच्याबरोबर माहिती आणण्याचा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. एक उदाहरण घेऊ. सुरत-पलसाणा भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. उधना-जळगाव हा लोहमार्ग पलसाणा तालुक्यातील चलथाण व गंगाधरा या स्टेशनांवरून पुढे बारडोली, व्यारा, नंदुरबार, अमळनेर असा जातो. अशा एखाद्या कुटुंबातील मनुष्य सणासाठी गावी जाण्याकरिता फोनवर जागा पाहत आहे असे कल्पू. पानाच्या वरच्या पट्टीत त्याचे नाव आहे, मध्ये गाड्यांची यादी आहे, प्रत्येक गाडीपुढे शिल्लक जागांचा आकडा आहे, आणि खाली त्याने पूर्वी काढलेल्या तिकिटांची यादी आहे.

प्रत्येक घटक आपापली माहिती आपण मागवू लागला तर काय होते? प्रवाशाचे नाव तीन घटकांस हवे असेल तर एकच प्रश्न तीनदा विचारला जातो. ही पहिली उधळपट्टी. दुसरे असे की, यादी आल्याशिवाय ओळी तयार होत नाहीत आणि ओळ तयार झाल्याशिवाय जागांचा प्रश्न विचारला जात नाही. एकामागून एक खेपा होतात आणि माणूस फिरते चक्र पाहत बसतो. तिसरे अधिक घातक आहे. त्याने मंगळवार निवडला आणि लगेच मन बदलून बुधवार निवडला. बुधवारचे उत्तर आधी आले, मंगळवारचे रेंगाळत मागून आले, आणि बुधवारच्या मथळ्याखाली मंगळवारच्या जागा जाऊन बसल्या. चौथे म्हणजे, त्याने तिकीट काढले तरी खालची यादी जुनीच राहिली. तिकीट निघालेच नाही असे समजून तो दुसऱ्यांदा पैसे भरण्याचा संभव निर्माण झाला.

आरंभी कारागिरांनी ही सारी माहिती एका सामाईक कोठारात भरून पाहिली. २०१५ साली आलेले ‘रिडक्स’ हे साधन त्यासाठी फार वापरले गेले. हळूहळू एक महत्त्वाचा भेद ध्यानात आला. पानावरचा कोणता कप्पा उघडा आहे ही गोष्ट पानाच्या मालकीची आहे. तिचे मूळ येथेच आहे. शिल्लक जागांचा आकडा मात्र पानाचा नव्हे. त्याचा मालक दूर आहे, तो त्यास वाटेल तेव्हा बदलतो आणि आपणांस कळवितोच असे नाही. आपल्यापाशी आहे ती केवळ प्रत. मालकीच्या वस्तूसारखी प्रत वापरली की घोटाळा होणारच.

या भेदावर उभी राहिलेली साधने त्यानंतर आली. फेसबुकने २०१५ मध्ये ‘रिले’ व ‘ग्राफक्यूएल’ प्रसिद्ध केले. त्यांत प्रत्येक घटकाने आपणांस काय हवे ते नोंदवावयाचे आणि सर्वांच्या मागण्या एकत्र करून एकाच खेपेत आणावयाच्या, अशी योजना होती. २०१९ च्या सुमारास ‘एसडब्ल्यूआर’ आणि टॅनर लिन्सले यांचे ‘रिॲक्ट क्वेरी’ ही साधने आली. त्यांचे काम बडोद्याच्या पेटीच्या भाषेत सहज सांगता येते. प्रत्येक प्रतीवर एक निश्चित चिठ्ठी लावावयाची : अमुक तारीख, अमुक गाडी. त्यामुळे मंगळवारचे उत्तर मंगळवारच्याच कप्प्यात पडते. तीन घटकांनी एकाच चिठ्ठीची वस्तू मागितली तर खेप एकच करावयाची आणि तिघांस वाटावयाची. ‘रिॲक्ट क्वेरी’त तर प्रत्येक प्रतीस दोन मुदती असावयाच्या : एक ताजेपणाची आणि दुसरी ठेवण्याची. ‘रिॲक्ट क्वेरी’त निराळे काही न सांगितल्यास आलेली प्रत तत्काळ शिळी मानली जाते, आणि कोणी वापरत नसलेली प्रत पाच मिनिटांनी टाकून दिली जाते. शिवाय तिकीट काढण्यासारखा बदल आपणच घडवून आणला तर संबंधित प्रती रद्द ठरवून पुन्हा मागवाव्या, असेही त्यास सांगता येते.

‘एसडब्ल्यूआर’ हे नाव ज्या नियमावरून आले तो मार्क नॉटिंगहॅम यांनी २०१० साली मांडला होता. जुनी प्रत लगेच दाखवावी, पाठीमागे मुळास विचारावे, आणि नवे उत्तर येताच जुने बदलावे, असा तो नियम आहे. वाचणारा थांबत नाही आणि अखेरीस त्यास खरे तेच मिळते.

मुदत कोणी ठरवावी

एवढे झाल्यावर प्रश्न सुटला असे वाटेल. तो सुटलेला नाही, कारण मुदत किती असावी हे साधन सांगू शकत नाही. स्टेशनाचे नाव वर्षानुवर्षे बदलत नाही. वेळापत्रक महिनोन्महिने टिकते. गर्दीच्या दिवसांत शिल्लक जागांचा आकडा काही सेकंदही टिकत नाही. एकाच पानावर हे तिघे शेजारी बसतात. तिघांना एकच मुदत लावणे म्हणजे धान्य, भाजी आणि दूध एकाच हिशेबाने साठविणे होय.

संगणकापूर्वी आगगाडीच्या स्टेशनांना जागांचा ठरावीक कोटा वाटून दिलेला असे; त्याहून अधिक हवे असल्यास तार करून विचारावे लागे. पद्धत मंद होती खरी, पण कारकुनाला आपल्या वहीतील कोणत्या जागा आपल्या आणि कोणत्या दुसऱ्याच्या हे पक्के ठाऊक होते. १९८६ साली दिल्लीस संगणकाने आरक्षण सुरू झाले, १९९९ साली देशातील पाच मोठी केंद्रे एकमेकांस जोडली गेली आणि २००२ मध्ये घरबसल्या तिकीट मिळू लागले. आता मूळ एकच झाले आणि त्याच्या प्रती कोट्यवधी पडद्यांवर गेल्या. जुन्या कारकुनाचा तो भेद आता पान रचणाऱ्याने सांभाळावयाचा आहे.

सर्वांत कठीण प्रसंग मुळाशी संबंध तुटण्याचा. रेंज जाते, पाठीमागे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नाही आणि जुनी प्रत पडद्यावर तशीच झळकत राहते. साधनाने आपल्याकडून तीनदा प्रयत्न केलेला असतो. परंतु पान रचणाऱ्याने ते अपयश दाखविण्याची तसदी घेतली नसेल तर वाचणाऱ्यास त्याची गंधवार्ता नसते. तसेच, एकच फोन घरातील किंवा खोलीतील चारजण वापरतात तेथे एकाच्या खात्याची प्रत दुसऱ्यास दिसू नये म्हणून, बाहेर पडताना साठा पुसून टाकणे हेही रचणाऱ्याचेच कर्तव्य ठरते. ज्याचा फोन स्वतःचा आणि ज्याची रेंज अखंड त्यास या चुका क्वचितच जाणवतात. त्या सोसाव्या लागतात गरिबास.

जुन्या महसुली कागदांत एक शहाणपण होते. सातबाराच्या नकलेवर ती दिल्याची तारीख आणि देणाऱ्याची सही असे. गुजरातेत २००४ च्या सुमारास ई-धरा योजनेने हे दप्तर संगणकावर आले आणि फेरफार तालुक्याच्या केंद्रातून नोंदले जाऊ लागले. तरी उतारा पाहणारा मनुष्य पहिल्याने तारीखच पाहतो. ती जुनी असेल तर तो त्यावर व्यवहार करीत नाही, नवा उतारा काढतो. नक्कल म्हणजे मूळ नव्हे हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही.

पडद्यावरील आकड्यांनाही हाच नियम लावता येईल. ‘ही माहिती सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आणलेली आहे’ अशी एक लहान ओळ, आणि तिच्याशेजारी मुळास पुन्हा विचारण्याची एक खूण. यास खर्च नाममात्र आहे. ‘रिॲक्ट क्वेरी’सारखे साधन प्रत केव्हा आली ही वेळ स्वतःजवळ नोंदवूनच ठेवते. ती वाचणाऱ्यासमोर मांडावयाची एवढेच उरते. जी पाने लोकांचे पैसे, जमीन, धान्य वा प्रवास यांच्याशी संबंधित आहेत त्यांवर तरी ही ओळ असलीच पाहिजे, असा आग्रह आपण वापरणाऱ्यांनी धरावयास हवा. आणि जेथे ती ओळ नसेल तेथे, पैसे भरण्यापूर्वी किंवा घरातून निघण्यापूर्वी, तो आकडा एकदा मुळातून पुन्हा मागवून पाहण्याची सवय आपण स्वतःस आणि मुलांस लावून घ्यावी.